नाव सापडत नाही तेव्हा: महाविद्यालयाच्या नेटवर्कवरील डीएनएस बिघाडाचा तपास

कोकणातल्या महाविद्यालयांत प्रवेशाची धावपळ आणि पाऊस एकाच सुमारास सुरू होतात, आणि याच दिवसांत कार्यालय, ग्रंथालय व वसतिगृह येथून ‘नेट बंद आहे’ अशा तक्रारी येऊ लागतात. यांतल्या बऱ्याच तक्रारींच्या वेळी नेट चालू असते. बंद पडलेली असते ती संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणारी व्यवस्था, म्हणजे डीएनएस. संगणक विभागाचे काम सांभाळून नेटवर्कचीही जबाबदारी ज्यांच्याकडे आली आहे, अशा प्रयोगशाळा सहायकांसाठी व शिक्षकांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

विद्यार्थ्याच्या संगणकाने विचारलेले नाव प्रथम महाविद्यालयाच्या रिझॉल्व्हरकडे, म्हणजे नावांचे पत्ते शोधून देणाऱ्या सर्व्हरकडे, जाते. त्याच्याकडे उत्तर साठवलेले नसेल, तर तो रूट सर्व्हरपासून, म्हणजे नावांच्या उतरंडीतल्या सर्वांत वरच्या सर्व्हरपासून, सुरुवात करून ‘डॉट इन’च्या सर्व्हरकडे आणि तेथून त्या डोमेनच्या मूळ सर्व्हरकडे जातो, किंवा इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या रिझॉल्व्हरकडे प्रश्न पुढे पाठवतो. पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या आणि १९८७ च्या मानकांवर आजही चालणाऱ्या या व्यवस्थेत प्रत्येक टप्प्यावरचे अपयश वेगळ्या शब्दांत कळते. म्हणून तपासात सतत एकच गोष्ट विचारावी: उत्तर कोणी दिले आणि नेमके काय दिले? हे कळेपर्यंत एकही सेटिंग बदलू नये, कारण घाईने केलेल्या बदलामुळे मूळ खूण पुसली जाते आणि पुढचा तपास अंदाजावर चालतो.

आज्ञांची व संकेतस्थळांची नावे येथे देवनागरीत दिली आहेत; संगणकावर ती रोमन लिपीतच टंकावी लागतात. उदाहरणादाखल महाविद्यालयाचे अंतर्गत नेटवर्क १०.१०.०.० पासून सुरू होते आणि त्याचा रिझॉल्व्हर १०.१०.०.५३ या पत्त्यावर आहे, असे धरले आहे.

आधी जोडणी, मग नाव

तक्रार आलेल्या संगणकावरूनच सुरुवात करावी. सर्व्हरच्या खोलीत बसून केलेली तपासणी वसतिगृहातल्या बिघाडाबद्दल काहीच सांगत नाही. प्रथम गेटवेला (आतले नेटवर्क बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या यंत्राला) पिंग करावे, म्हणजे उत्तर येते का हे पाहणारा छोटा संदेश पाठवावा, नंतर बाहेरच्या एखाद्या अंकी पत्त्याला, उदाहरणार्थ १.१.१.१ ला. अंकी पत्ता पोहोचतो आणि नाव पोहोचत नाही, असे दिसले तर दोष डीएनएसकडे आहे. मात्र काही महाविद्यालयांच्या फायरवॉलवर (नेटवर्कमधली ये-जा गाळणाऱ्या यंत्रणेवर) पिंग बंद ठेवलेले असते, त्यामुळे पिंग न येणे हा जोडणी तुटल्याचा पुरावा धरता येत नाही. व्हॉट्सॲप चालते आहे, हाही पुरावा पुरेसा नाही, कारण आधीपासून जोडलेले ॲप नवे नाव न विचारताही काही काळ चालू राहते.

जेथे वायफायवर लॉगिनचे पान येते, तेथे लॉगिन होण्यापूर्वी नावाची विचारणा मुद्दाम अडवली किंवा वळवली जाते. लॉगिनची मुदत संपलेल्या विद्यार्थ्याची तक्रार हुबेहूब डीएनएस बिघाडासारखी दिसते, म्हणून ही शक्यता पहिल्याच मिनिटात निकालात काढावी.

यंत्र कोणाला विचारते आहे

विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल’ ही आज्ञा द्यावी. लिनक्सवर ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’. विंडोजच्या उत्तरात तीन ओळी नीट वाचाव्या: स्वतःचा पत्ता, डीएचसीपी सर्व्हर (संगणकांना पत्ते वाटणारा) आणि डीएनएस सर्व्हर. स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाला डीएचसीपीकडून पत्ताच मिळालेला नाही आणि डीएनएसचा विषय अजून आलेलाच नाही. लिनक्सवर ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ या फाइलमध्ये १२७.०.०.५३ दिसला तर दचकू नये. तो त्याच संगणकावरील मध्यस्थ असतो आणि खरा रिझॉल्व्हर ‘रिझॉल्व्हसीटीएल’च दाखवतो.

वसतिगृहातून येणाऱ्या तक्रारींत एक प्रकार नेहमी सापडतो. संगणकाचा पत्ता १०.१०च्या ऐवजी १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ ने सुरू होतो, आणि डीएचसीपी सर्व्हरच्या ओळीत आपल्या माहितीतला नसलेला पत्ता असतो. याचा अर्थ कोणीतरी खोलीत रेंज मिळावी म्हणून घरगुती वायफाय राउटर आणला आहे आणि त्याच्या ‘वॅन’च्या (बाहेरच्या जोडणीच्या) खाचेऐवजी ‘लॅन’च्या (आतल्या संगणकांच्या) खाचेत भिंतीतली वायर जोडली आहे. तो राउटर आता संपूर्ण मजल्याला पत्ते वाटतो आणि डीएनएस म्हणून स्वतःचाच पत्ता सांगतो. तक्रारही अर्धवट येते, कारण ज्यांना आपल्या सर्व्हरचे उत्तर आधी पोहोचले त्यांचे सगळे सुरळीत असते. असा राउटर शोधण्यासाठी बाधित संगणकावर ‘एआरपी डॅश ए’ ही आज्ञा देऊन त्या परक्या पत्त्यासमोरचा मॅक पत्ता (यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक) टिपून घ्यावा आणि मजल्यावरच्या स्विचच्या (वायरी जोडणाऱ्या पेटीच्या) मॅक तक्त्यात तो कोणत्या पोर्टवर, म्हणजे खाचेत, दिसतो ते पाहावे. स्विच साधा असेल तर एकेक वायर काढून पाहण्याखेरीज इलाज नाही. व्यवस्थापन करता येणारा स्विच असल्यास त्यावर डीएचसीपी स्नूपिंग सुरू करावे, म्हणजे ठरलेल्या पोर्टशिवाय कोठूनही पत्ते वाटता येणार नाहीत. राउटर लावणाऱ्या मुलाला रागावण्यापेक्षा त्याच्या खोलीत रेंज का पोहोचत नाही हे पाहणे अधिक उपयोगी पडते. जांभ्या दगडाच्या जाड भिंतींत वायफाय अडते, हे त्याचेही खरेच असते.

उत्तर वाचावे

आता प्रत्यक्ष प्रश्न विचारावा. ‘एनएसलुकअप’, त्यापुढे नाव आणि त्यापुढे ज्याला विचारायचे त्या सर्व्हरचा पत्ता, असे लिहावे. लिनक्सवर ‘डिग’ वापरावे. त्यात सर्व्हरच्या पत्त्याआधी ॲटचे चिन्ह येते. नावाच्या शेवटी पूर्णविरामाचा ठिपका द्यावा, नाहीतर विंडोजचे ‘एनएसलुकअप’ नावाला महाविद्यालयाचे डोमेन जोडून भलतेच काही विचारू शकते. पहिल्या ओळीत सर्व्हरचे नाव ‘अननोन’ आले, तर तो बिघाड नव्हे; त्या अंकी पत्त्याची उलट (पत्त्यावरून नाव सांगणारी) नोंद केलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

‘नॉन-एग्झिस्टंट डोमेन’, म्हणजेच एनएक्सडोमेन, हे स्पष्ट उत्तर आहे: असे नाव नाही. विचारणा पोहोचली, शोध झाला आणि नकार आला. येथे वायरी तपासण्यात वेळ घालवू नये. नाव चुकीचे टंकले आहे का, डोमेनची मुदत संपली आहे का, किंवा ते केवळ अंतर्गत वापराचे नाव असून भलत्या सर्व्हरला विचारले गेले का, हे पाहावे. ‘सर्व्हर फेल्ड’, म्हणजे सर्व्हफेल, याचा अर्थ रिझॉल्व्हर जिवंत आहे, त्याने प्रयत्न केला, पण त्याला खात्रीचे उत्तर मिळाले नाही. दोष रिझॉल्व्हरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे आहे. ‘क्वेरी रिफ्यूज्ड’ म्हणजे सर्व्हरला विचारणा पोहोचली, पण त्याने उत्तर देण्याचे नाकारले. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे कोणी काहीच बोलले नाही. याखेरीज एक फसवा प्रकार असतो: कोणतीही त्रुटी येत नाही, पण उत्तराची जागा रिकामी असते. त्या वेळी नाव अस्तित्वात असते, पण विचारलेल्या प्रकारची, उदाहरणार्थ आयपीव्ही६ या नव्या प्रकारच्या पत्त्याची, नोंद त्याला नसते.

‘रिफ्यूज्ड’ हे उत्तर आपल्या भागात विशेष लक्षात ठेवावे. मुंबई–गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात किंवा घाटात दरड कोसळल्यावर मुख्य फायबर तुटते आणि महाविद्यालय दुसऱ्या कंपनीच्या पर्यायी जोडणीवर जाते. रिझॉल्व्हर मात्र पहिल्याच कंपनीच्या रिझॉल्व्हरकडे प्रश्न पाठवत राहतो. अनेक कंपन्यांचे रिझॉल्व्हर केवळ स्वतःच्या ग्राहकांनाच उत्तर देतात. परक्या जोडणीवरून आलेली विचारणा ते नाकारतात किंवा टाकून देतात. परिणामी पर्यायी जोडणी उत्तम चालत असूनही सारे महाविद्यालय नेटविना बसते. यावर चांगला उपाय म्हणजे रिझॉल्व्हरला रूट सर्व्हरपासून स्वतःच शोध घेऊ देणे. ते जमण्यासारखे नसेल, तर पुढे पाठवण्याच्या यादीत दोन्ही जोडण्यांवरून पोहोचणारा सर्व्हर ठेवावा.

तोच प्रश्न तीन ठिकाणी विचारून उत्तरे शेजारी शेजारी मांडली की दोषाची जागा बहुधा निश्चित होते: आपला रिझॉल्व्हर, बाहेरचा एखादा सार्वजनिक रिझॉल्व्हर आणि त्या डोमेनचा मूळ सर्व्हर. ‘डिग’ला ‘प्लस ट्रेस’ जोडल्यास रूटपासूनचा सगळा प्रवास टप्प्याटप्प्याने दिसतो. ही तुलना रिझॉल्व्हरच्याच यंत्रावरून करावी. बहुतेक ठिकाणी फायरवॉल इतर संगणकांना बाहेरच्या ५३ क्रमांकाच्या पोर्टवर (डीएनएसच्या विचारणांसाठी ठरलेल्या क्रमांकावर) जाऊ देत नाही, त्यामुळे प्रयोगशाळेतून ८.८.८.८ या गूगलच्या सार्वजनिक रिझॉल्व्हरला विचारल्यावर उत्तर आले नाही, यावरून काहीही सिद्ध होत नाही.

वीज परत आल्यावरचा सर्व्हफेल

या बिघाडावर थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण कोकणात तो होण्याची परिस्थिती दर पावसाळ्यात तयार होते आणि त्याचे कारण सहजासहजी सुचत नाही. रात्री वादळी पाऊस होतो, वीज जाते, यूपीएसच्या बॅटऱ्या संपतात. सकाळी वीज येते, सर्व यंत्रे सुरू होतात, दिवे हिरवे दिसतात, अंकी पत्ते पोहोचतात. तरीही एकामागून एक नावांना सर्व्हफेल येतो. त्यातही आतली काही नावे चालू शकतात आणि बाहेरची चालत नाहीत, त्यामुळे गोंधळ अधिकच वाढतो.

कारण पुष्कळदा घड्याळात असते. रिझॉल्व्हर म्हणून वापरलेल्या जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची बॅटरी संपलेली असली, तर वीज गेल्यावर त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. रास्पबेरी पायच्या बऱ्याच प्रकारांत तर बॅटरीवर चालणारे घड्याळ मुळात नसतेच. डीएनएसच्या उत्तरांवर स्वाक्षरी करण्याची डीएनएससेक ही पद्धत रूट पातळीवर जुलै २०१० पासून लागू आहे, आणि प्रत्येक स्वाक्षरीला ‘या वेळेपासून या वेळेपर्यंत ग्राह्य’ अशी मुदत असते. घड्याळ मागे गेलेल्या रिझॉल्व्हरच्या दृष्टीने आजच्या स्वाक्षऱ्यांची मुदत अजून सुरूच झालेली नसते, म्हणून तो अचूक उत्तरही फेटाळतो. घड्याळ दुरुस्त करण्यासाठी तो एनटीपी, म्हणजे अचूक वेळ देणाऱ्या, सर्व्हरकडे जाऊ पाहतो, पण त्या सर्व्हरचे नाव शोधण्यासाठी त्याला डीएनएस लागते. वेळेवाचून नाव मिळत नाही आणि नावावाचून वेळ मिळत नाही, असा हा पेच असतो, आणि नुसते यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्याने तो सुटत नाही.

ओळखण्याची रीत सोपी आहे. रिझॉल्व्हरवर ‘डेट’ ही आज्ञा देऊन तारीख पाहावी. त्यानंतर अडलेले नाव ‘डिग’ने दोनदा विचारावे: एकदा साधे आणि एकदा ‘प्लस सीडी’ जोडून. ‘प्लस सीडी’मुळे स्वाक्षरीची तपासणी वगळली जाते. साध्या विचारणेला सर्व्हफेल आणि दुसरीला नीट उत्तर आले, तर तपासणीच अडली आहे हे निश्चित. घड्याळ हाताने बरोबर करावे आणि रिझॉल्व्हरची सेवा पुन्हा सुरू करावी. कायमच्या बंदोबस्तासाठी बॅटरी बदलावी आणि एनटीपीच्या यादीत किमान एक सर्व्हर अंकी पत्त्याने नोंदवावा. महाविद्यालयाचा राउटर वेळ देऊ शकत असेल तर तोच सोयीचा. तारीख बरोबर असूनही एखाद्याच डोमेनला असा सर्व्हफेल येत असेल, तर त्या डोमेनच्या चालकांनी स्वाक्षऱ्यांचे वेळेवर नूतनीकरण केलेले नसण्याची शक्यता मोठी. त्यासाठी सगळी तपासणी बंद करून टाकणे योग्य नाही. बाइंड या रिझॉल्व्हर सॉफ्टवेअरमध्ये ‘आरएनडीसी एनटीए’ या आज्ञेने तेवढ्या एका डोमेनपुरती सूट देता येते आणि ती मूळ रचनेनुसार एका तासाने आपोआप संपते.

प्रश्न जातो, उत्तर येत नाही

‘टाइम्ड आउट’ या उत्तरात शोधण्याजोगे पुष्कळ असते. रिझॉल्व्हरची सेवा बंद आहे का, हे तर पाहावेच. पण प्रत्येक पान उघडते आणि दर वेळी पाच सेकंद उशिरा उघडते, अशी लिनक्स प्रयोगशाळेतून तक्रार आली, तर यादीतला पहिला डीएनएस सर्व्हर मेलेला आहे असे समजावे. लिनक्स पहिल्या सर्व्हरची सहसा पाच सेकंद वाट पाहते आणि मगच दुसऱ्याकडे वळते.

लहान उत्तरे येतात आणि मोठी अडतात, हा प्रकार फायरवॉलमुळे होतो. डीएनएसचे मूळ यूडीपी (आधी जोडणी न करता पाठवण्याच्या पद्धतीचे) उत्तर ५१२ बाइटांपुरते होते. आज स्वाक्षऱ्यांमुळे उत्तरे त्याहून पुष्कळ मोठी होतात. त्यांचे तुकडे वाटेत टाकले गेले, किंवा ५३ क्रमांकाचे पोर्ट यूडीपीसाठी उघडे आणि टीसीपीसाठी (आधी जोडणी करून पाठवण्याच्या पद्धतीसाठी) बंद असले, की ठरावीक नावेच अडकतात. ‘डिग’ला ‘प्लस टीसीपी’ जोडून पाहावे, दोन्ही वाटा उघड्या कराव्या आणि रिझॉल्व्हरमधील यूडीपी उत्तराची मर्यादा १२३२ बाइट ठेवावी. हा आकडा २०२० पासून सर्वत्र सुचवला जातो.

उत्तर कधी येते, कधी येत नाही, आणि त्यात काही ठरावीक क्रम दिसत नाही, अशा वेळी वायर पाहावी. समुद्राकडच्या इमारतींत खाऱ्या दमट हवेने स्वस्त प्लगांच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढतो आणि डेटाची पाकिटे गळू लागतात. स्विचच्या त्या पोर्टवरील त्रुटींचा आकडा वाढताना दिसला, तर प्लग कापून नवा बसवावा. घासून पुसून तो फार काळ टिकत नाही.

आतली नावे आणि ८.८.८.८

ग्रंथालयाची यादी, हजेरी किंवा परीक्षा विभागाचा सर्व्हर यांची नावे अनेक ठिकाणी फक्त आतल्या रिझॉल्व्हरलाच माहीत असतात. कोणी संगणकावर हाताने ८.८.८.८ घातला, की बाहेरचे सगळे जग उघडते आणि ग्रंथालयाची यादी तेवढी नाहीशी होते. ‘पहिला आपला आणि दुसरा ८.८.८.८, म्हणजे दोन्ही साधेल’ ही समजूत सर्वत्र आढळते आणि ती चुकीची आहे. दुसरा सर्व्हर वापरला जातो तो पहिला गप्प राहिला तर. एनएक्सडोमेन हे पूर्ण उत्तर असल्याने ते मिळाल्यावर संगणक पुढे विचारत नाही. शिवाय एखाद्या क्षणी पहिला सर्व्हर मंदावला आणि संगणक दुसऱ्याकडे गेला, की त्या दुसऱ्याचा नकार खरा मानून आतली नावे अधूनमधून बंद पडतात. दुसरा सर्व्हर हवा असेल, तर तोही आपलाच आणि तीच माहिती असलेला ठेवावा.

अँड्रॉइडच्या ९ व्या आवृत्तीपासून फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ची सोय आहे. तेथे विशिष्ट सर्व्हरचे नाव भरलेले असेल आणि फायरवॉलवर त्यासाठी लागणारे ८५३ हे पोर्ट बंद असेल, तर वायफाय जोडलेले दिसूनही फोनवर काहीच उघडत नाही. विद्यार्थ्याला ती सेटिंग ‘ऑटोमॅटिक’वर ठेवायला सांगावे. फायरफॉक्स ब्राउझरही काही वेळा नावांची विचारणा एचटीटीपीएसमधून, म्हणजे संकेतस्थळांच्या सुरक्षित जोडणीतून, परस्पर बाहेर पाठवतो. ‘यूज-ॲप्लिकेशन-डीएनएस डॉट नेट’ या नावाला आपल्या रिझॉल्व्हरने एनएक्सडोमेन दिले, तर तो ही सोय आपणहून सुरू करत नाही. वापरकर्त्याने स्वतः सुरू केली असल्यास मात्र ती तशीच राहते.

दुरुस्ती झाल्यावरही जुने उत्तर काही काळ टिकते, आणि ‘नाव नाही’ हा नकारसुद्धा साठवला जातो. साठा पुसताना आधी रिझॉल्व्हरचा, मग संगणकाचा आणि शेवटी ब्राउझरचा पुसावा. उलट क्रमाने पुसल्यास संगणक तेच जुने उत्तर पुन्हा उचलतो. विंडोजवर त्यासाठी ‘आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस’ आहे.

बाहेरच्यांना आपले नाव दिसत नाही

मोबाइल डेटावरूनही महाविद्यालयाचे संकेतस्थळ उघडत नसेल, तर प्रश्न डोमेनच्या मूळ नोंदींचा आहे. ‘एसी डॉट इन’ व ‘ईडीयू डॉट इन’ या नावांची नोंदणी अर्नेट इंडिया या शिक्षणसंस्थांना नेटवर्क सेवा देणाऱ्या सरकारी संस्थेमार्फत होते. तेथील मुदत आणि नोंदवलेले नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या नोंदी सांगणारे मूळ सर्व्हर, प्रथम पाहावे. नोंदणीच्या वेळी दिलेला ईमेल सेवानिवृत्त झालेल्या प्राध्यापकांचा असणे आणि मुदतीची सूचना तिकडेच जाणे, हे टाळण्यासारखे आहे. तो पत्ता पदाच्या नावाने असावा.

काही महाविद्यालये आपले नेमसर्व्हर स्वतः चालवतात. दोन्ही नेमसर्व्हर एकाच खोलीत, एकाच यूपीएसवर असतील, तर संकेतस्थळ पुण्या-मुंबईच्या सर्व्हरवर सुरक्षित असूनही येथली वीज जाताच ते नाहीसे होते. दुसरा नेमसर्व्हर भौगोलिकदृष्ट्या दूर असावा, अशी स्पष्ट शिफारस १९९७ पासून मानकांत आहे, आणि जुलै २०२१ मधला चिपळूणचा पूर पाहिलेल्यांना तिचे महत्त्व वेगळे सांगायला नको. त्याचबरोबर डोमेनच्या एसओए या मुख्य नोंदीतील ‘एक्स्पायर’ हा आकडा पाहावा. मूळ सर्व्हरशी इतके सेकंद संपर्क झाला नाही, तर दूरचा सर्व्हरही आपल्याजवळची माहिती बाद समजून उत्तर देणे थांबवतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांतील अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. तेथे ६०४८०० सेकंद, म्हणजे सात दिवसांची मुदत अपुरी ठरली असती. आपल्या किनाऱ्यावर हा आकडा चार आठवड्यांचा, म्हणजे २४१९२०० ठेवावा.

दरवर्षी मे महिन्यात, परीक्षा आटोपल्यावर आणि पाऊस लागण्यापूर्वी, एका दुपारी रिझॉल्व्हरची वीज पूर्ण बंद करावी आणि बाहेरची मुख्य जोडणी काढून ठेवावी. अर्ध्या तासाने केवळ पर्यायी जोडणीवर सर्व सुरू करून तारीख बरोबर येते का, आतले एक नाव, बाहेरचे एक साधे नाव आणि स्वाक्षरी असलेले एक नाव सापडते का, हे वसतिगृहातल्या एका संगणकावरून पाहावे. आलेली उत्तरे वेळ, सर्व्हरचा पत्ता आणि नेमक्या शब्दांसह नोंदवहीत लिहावी, आणि ती नोंदवही सर्व्हरच्या कपाटातच ठेवावी.